एक कोट, दोन बंदरं

विहीणबाई,

काल आनंदचा सिअ‍ॅटलहून फोन आला. बोटीवरची खोली ठेवायची की सोडून द्यायची, आणि ठेवायची तर कुठल्या बंदराहून निघणाऱ्या बोटीची, हे या आठवड्यात कळवायचं आहे. फार हळू आवाजात विचारलं त्याने. माझा मुलगा इतक्या हळू बोलायला लागला की समजावं, तुमची मुलगी शेजारी उभी आहे. मी म्हटलं, दोन दिवसांत सांगते. फोन ठेवला, पर्स घेतली आणि तुमचं मत विचारायला म्हणून थेट आमच्या वेलचेरी स्टेशनवर गेले. तुमच्या मैलापूरचं तिकीट हातात आलं तेव्हा लक्षात आलं, तुम्ही आता तिथे नाही. पण तिकीट काढलंच होतं, ते वाया घालवणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून गेले. देवळाच्या तळ्याच्या कठड्यापर्यंत चालले, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या फुलवालीकडून हातभर माळ घेतली आणि परत आले. तिने विचारलं, अम्मा कशा आहेत. तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मीही सांगितलं नाही.

हे मराठीत लिहिते आहे, कारण तुमच्याशी मी दुसऱ्या कुठल्या भाषेत भांडलेच नाही. ऑफिसात जन्मभर इंग्रजीत पत्रं टाइप केली, आणि अजूनही विचारांना शिस्त लावायची असली की मला इंग्रजीच सुचते. पण आपली भांडणं मराठीतली होती. मीरा आणि ईशानला हे वाचता येणार नाही. रेवती वाचून दाखवेल. तुमची मुलगी, माझी सून आणि त्यांची आई, या तिन्ही नात्यांनी ते काम तिच्याकडेच जातं. मुलांना त्यांच्या मैलापूर आजीबद्दल काही गोष्टी ठाऊक असाव्यात असं मला वाटतं, आणि बंदर ठरवायच्या आधी त्या मला स्वतःलाही पुन्हा एकदा नीट मांडून बघायच्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे, आपण दोघी त्या मुलांच्या घरी कधीही एकत्र नव्हतो. मीराच्या वेळी बाळंतपणाला तुम्ही गेलात, ते मुलीच्या आईचंच काम. तुमची मुदत संपली तशी मी गेले. मग तुम्ही, मग मी. दोन्ही आज्या एकदम आल्या तर पुढचं अर्धं वर्ष घरात आजीच नाही, हा रेवतीचा विचार, आणि तो बरोबर होता. त्यामुळे ज्या घरासाठी आपली दोघींची एवढी धावपळ चालायची, त्या घराच्या टेबलाशी आपण एकमेकींसमोर कधी बसलो नाही. मुलांना दोन आज्या म्हणजे एकाच खोलीत आळीपाळीने उगवणाऱ्या दोन बायका वाटत असणार.

एकजण परत आली की आठवड्याभरात दुसरी निघायची. त्या आठवड्यात तुमच्या घरी कार्यभार सोपवणं चालायचं. ईशान आता वाटाणे खात नाही. मीराला वेणी घालताना डावीकडून सुरुवात केलेली चालत नाही. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो. आणि शेवटी तो कोट. गडद निळा, लोकरीचा, रेवतीने तुमच्या पहिल्या खेपेला घेतलेला. चेन्नईत असला कोट दुसरा घेऊन ठेवणं म्हणजे वेडेपणा, म्हणून जी जाईल तिने तो न्यायचा असं आपोआप ठरलं. तुम्ही माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या. तुमचे हात बाह्यांत बुडून जायचे आणि माझी मनगटं बाहेर राहायची. दोघींपैकी कुणालाही न बसणारा कोट आपण इतके हिवाळे वापरला.

त्याच्या खिशात तुम्ही काहीतरी ठेवलेलं असायचं. मला विमानात कळायचं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या तमिळ कॅलेंडरच्या रोजच्या पानावर खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, आज कुठल्या दिशेला शूल आहे, म्हणजे तिकडे प्रवास वर्ज्य, आणि जाणं टळत नसेल तर उपाय काय. शुक्रवारी आणि रविवारी पश्चिमेला शूल, त्यावर गूळ. मंगळवारी-बुधवारी उत्तरेला, त्यावर दूध. मी बहुतेक वेळा शुक्रवारी फ्रँकफर्टमार्गे जायचे, म्हणजे पश्चिमेला, म्हणून खिशात गूळ. एकदा शनिवारी सिंगापूरमार्गे निघाले. पूर्वेच्या शूलाला दही. दही खिशात घालता येत नाही, म्हणून टॅक्सी थांबवून ठेवून मला उंबऱ्यात चमचाभर चारलंत. टॅक्सीवाला घड्याळ बघत होता. मी तेव्हा हसले होते. गूळ मात्र दर वेळी खाल्ला, कारण विमानातलं गोड मला आवडत नाही.

आपली मैत्री मुलांमुळे झाली असं रेवती समजते. ती झाली पुरामुळे. वेलचेरीत पाणी चढलं, आमच्या इमारतीच्या तळमजल्यात रबरी होड्या आल्या, आणि होडीत, मग बसमध्ये, मग रिक्षात असं करत मी हातात एक पिशवी घेऊन तुमच्या दारात पोचले. तोवर आपण सणासुदीला भेटणाऱ्या, साड्या देणाऱ्या-घेणाऱ्या विहिणी होतो. तुम्ही दार उघडलंत, माझ्या कमरेपर्यंत भिजलेल्या साडीकडे पाहिलंत आणि विचारलंत, "कां हो विहीणबाई, कोणत्या बंदरांतून निघालां?"

मी म्हटलं, "वेलचेरीच्या धक्क्यावरून. सामान मागच्या बोटीने येतंय."

तुम्ही हसलात, आणि मी तुमच्या घरी राहिले. पाणी ओसरल्यावरही राहिले. तुमचं तंजावरी मराठी मला तिथे हळूहळू कळायला लागलं. आमच्या साताऱ्यात जे शब्द आजोबांच्या पिढीबरोबर गेले ते तुमच्या तोंडी ताजे होते, मधूनच तमिळ आणि सगळ्याला तमिळचा हेल. मी एकदा तुमचं एक वाक्य सुधारायला गेले. तुम्ही म्हणालात, आम्ही तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून आलो, तुम्ही काल आगगाडीने आलात, भाषा कुणी कुणाची सुधारायची? त्यानंतर मी तो प्रयत्न सोडला.

आता बोटीबद्दल. गेल्या दिवाळीत आनंदने सुचवलं, या उन्हाळ्यात दोघी एकदम या. मुलं मोठी झाली, पाळी लावायची गरज उरली नाही. तुम्हा दोघींना आठवडाभर अलास्काच्या बोटीवर पाठवतो, बर्फाच्या नद्या समुद्रात येऊन फुटतात त्या पाहायला. मी म्हटलं, विचार करून सांगते. तुम्हाला मी हे फोनवर सांगत होते, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही "सरि", म्हणजे बरं, म्हणून मोकळ्या झालात. इतकी घाई कसली, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "जन्मभर नदी म्हणजे कावेरी. आली तर आली, नाहीं तर वाळू. जी नदी उभीच राहिली आहे ती मज एकदां पाहायची आहे."

मी नकाशा आणला.

बंदरांच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असावा असं मला मनापासून वाटत होतं. नोकरीची सगळी वर्षं मी मद्रास बंदरासमोर एका जहाज एजंटाच्या ऑफिसात काढली होती. कुठली बोट कुठून सुटते, कुठे थांबते, कुठे इंधन घेते, सगळं तोंडपाठ. बोटीतून मात्र एकदाच गेले, तेही लाँचमधून, बाहेर नांगरलेल्या जहाजावर कागद पोचवायला. जाताना आणि येताना दोन्ही वेळा ओकले. तुम्ही हे ऐकलंत तेव्हा म्हणालात, म्हणजे तुम्हाला हॉटेलचं सगळं मेनूकार्ड पाठ आहे, जेवलात कधीच नाहीत.

तुमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. दोन मार्ग, दोन रंगांच्या पेन्सिली. निळा मार्ग कॅनडातल्या व्हँकूवरहून. बोट बेटं आणि किनारा यांच्यामधल्या अरुंद पाण्यातून उत्तरेला जाते, दोन्ही बाजूंना डोंगर, पाणी शांत. हिमनद्या जास्त दिसतात. आठवड्याने ती उत्तरेच्या टोकाला एका लहान गावात उतरवते, तिथून विमानाने परत. लाल मार्ग सिअ‍ॅटलहून. आनंदच्या घरापासून धक्का जवळ, पण बोट मोठ्या बेटाच्या बाहेरच्या अंगाने, उघड्या समुद्रातून जाते. हिमनदी एखादीच. आणि आठवड्याने पुन्हा त्याच धक्क्याला लागते. मी निळ्याची बाजू सविस्तर मांडली. तुम्ही कॉफीचा पेला नकाशावर, नेमका व्हँकूवरवर ठेवलात आणि म्हणालात, सिअ‍ॅटल.

तुमचं पहिलं कारण होतं व्हिसा. सिअ‍ॅटलहून निघालं की कॅनडाच्या रांगेत उभं राहायला नको. ते मी एका मिनिटात मोडलं. परदेशी बोटीला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं असेल तर मधे एक परकं बंदर घ्यावंच लागतं, म्हणून सिअ‍ॅटलच्या बोटीही संध्याकाळभर कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. रांग दोन्हीकडे आहेच. तुम्ही माझ्याकडे कौतुकाने पाहिलंत आणि लगेच दुसरं कारण काढलंत. आपल्या तारखांना व्हँकूवरची बोट बुधवारी निघत होती. बुधवारी उत्तरेला शूल.

मी म्हटलं, कॅलेंडरनेच उपाय सांगितलाय, पेलाभर दूध प्या आणि चला. तुम्ही म्हणालात, तो उपाय बाजारात जाणाऱ्या माणसासाठी आहे, पृथ्वीच्या टोकाला जाणाऱ्यासाठी नाही.

मग मी नकाशावर बोट ठेवून दाखवलं, की सिअ‍ॅटलची बोट रविवारी निघते आणि उघडा समुद्र गाठायला ती आधी चांगली लांबपर्यंत पश्चिमेला जाते. रविवारी पश्चिमेला शूल. त्याचं काय? तुम्ही चष्मा लावून बराच वेळ पाहिलंत. मला वाटलं, जिंकले. तुम्ही चष्मा काढलात आणि निर्णय दिलात, की धक्क्यावरून बोट आधी उत्तरेकडे तोंड करून निघते, आणि उंबऱ्याबाहेरचं पहिलं पाऊल तेवढं मोजायचं असतं, पुढची वळणं मोजायची नसतात. हा नियम तुम्ही त्या क्षणी तयार केलात याबद्दल मला आजही शंका नाही.

असं आपलं मार्गशीर्षभर चाललं. तुमच्या घरी, गाण्याच्या सभेत मध्यंतराला, फोनवर. वेलचेरीपर्यंत गाडी नुकतीच सुरू झाली होती, त्यामुळे भांडायला येणं मला सोपं झालं होतं. खिडकीवाली खोली घ्यायची, एवढ्या एकाच बाबतीत एकमत होतं. खिडकी नसेल तर मी मैलापूरलाच झोपते की, असं तुमचं म्हणणं. माझी कारणं ठरलेली होती. शांत पाणी, जास्त बर्फ. तुमची कारणं मात्र रोज बदलायची, आणि त्यावरून मला कळायला हवं होतं, की खरं कारण यातलं एकही नाही.

ते तुम्ही दवाखान्यात सांगितलंत. पोंगल होऊन गेल्यावर तुमचं हृदय दमायला लागलं होतं आणि डॉक्टरांनी ठेवून घेतलं होतं. दुपारची भेटीची वेळ होती. मी तुमच्या उशाशी संत्रं सोलत होते आणि, इतर काही बोलायचं धाडस होत नव्हतं म्हणून, पुन्हा व्हँकूवरबद्दल बोलत होते. तुम्ही मला मधेच थांबवलंत.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तुमचे यजमान, मुलांचे आजोबा, मलायातल्या पेनांगला एका व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून गेले. बोट नागपट्टणमहून सुटली. सासऱ्यांनी तुम्हाला किनाऱ्यापर्यंत नेलं होतं, तुम्ही हात हलवला होता. दोन वर्षांनी ते परत यायचे होते, त्याच बोटीने, त्याच बंदरात. तुम्ही आणि सासरे नागपट्टणमला नातेवाइकांकडे जाऊन राहिलात. रोज सकाळी ताजी माळ घ्यायची आणि किनाऱ्यावर जाऊन बसायचं. समुद्र खवळलेला होता. शेवटी कुणीतरी येऊन सांगितलं, बोट इथे थांबलीच नाही, सरळ मद्रासला गेली. तुम्ही दोघं तंजावरला परतायला गाडीत बसलात. तिकडे ते मद्रासला उतरून तंजावरला पोचले होते, आणि सासूबाईंनी सांगितलं होतं, ती तुला आणायला नागपट्टणमला गेली आहे. ते उलट्या पावली गाडीत बसले.

"वाटेंत तिरुवारूरला दोन्ही गाड्या समोरासमोर उभ्या," तुम्ही म्हणालात. "मी खिडकींत, ते खिडकींत. माळ माझ्या मांडीवर. मी उतरेन तोंवर त्यांची गाडी सुटली. त्यांनी हात हलवला. मीही हलवला."

हे सांगताना तुम्ही इतक्या हसलात, की पलीकडच्या खाटेवरच्या बाई उठून बसल्या. मीही हसले. मग तुम्ही डोळे पुसलेत आणि म्हणालात, ते दुसऱ्या दिवशी घरी आले, सगळं नीट झालं, चाळीस वर्षं संसार झाला. तरी ते परत आले तो क्षण काही आपल्याला मिळाला नाही. "घ्यावयास कोणी उभें नसेल तर माणूस आला असें वाटतच नाहीं. ज्या बंदरांतून जायचें त्याच बंदरांत यायचें, विहीणबाई. आणि मुलें तेथें उभीं पाहिजेत."

रेवतीला ही गोष्ट ठाऊक नव्हती. मी तिला विचारलं. तिच्या वडिलांनीही कधी सांगितली नाही. म्हणून ती इथे लिहून ठेवली.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी आनंदला फोन केला आणि सांगितलं, सिअ‍ॅटल. दुसऱ्या दिवशी हे सांगायला मी मोठ्या ऐटीत तुमच्याकडे आले. तुम्ही उशीला टेकून माझीच वाट बघत होतात. मी तोंड उघडायच्या आत म्हणालात, व्हँकूवर.

रात्रभर विचार केलात म्हणे. ही बाई बंदराच्या लाँचमध्ये ओकली, उघड्या समुद्रात हिचं काय होईल? आठवडाभर हिचं डोकं धरून बसू, की नदी पाहू? मी म्हटलं, गोळ्या मिळतात. तुम्ही म्हणालात, दूधही मिळतं, बुधवारी निघू. मी म्हटलं, मुलं धक्क्यावर उभी राहायला हवीत. तुम्ही म्हणालात, मुलं विमानतळावर उभी राहतील, काय फरक पडतो. आदल्या दिवशी ज्या बाईने मला सिअ‍ॅटलवर आणलं होतं तीच हे बोलत होती. मी तुमचीच सगळी कारणं तुमच्यावर फेकली, तुम्ही माझी माझ्यावर. शांत पाणी, जास्त बर्फ, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. शेवटी नर्स आली आणि मला बाहेर घेऊन गेली. तिला वाटलं, इस्टेटीवरून भांडण आहे.

दारातून मी विचारलं, बुधवारचं दूध खिशात कसं घालणार आहात? तुम्ही पडल्या पडल्या म्हणालात, "पाल्कोवा ठेवीन. आटवलें म्हणून दुधाचें दूधपण जातें कां?"

आनंदने दोन्ही बोटींवर जागा धरून ठेवली. आई, तुम्ही दोघी ठरवा, मग मी एक सोडतो, असं म्हणाला. आपण काही ठरवलं नाही. मला वाटतं, दोघींनाही ते संपवायचं नव्हतं.

मग तुम्हाला घरी सोडलं, आणि मी लाँड्रीतून कोट आणून दिला. या खेपेला तो माझ्याकडे होता, मी धुवायला टाकला होता. तुम्ही तो खाटेसमोरच्या दारावर, दिसेल असा टांगायला लावलात. खिसे पण धुतले का, असं विचारलंत. मी म्हटलं, उलटे करून झाडले, आत काही नव्हतं, मी ती कामं अर्धवट करत नाही. तुम्ही म्हणालात, सरि. मी सांगितलं, रेवतीला दुसरा कोट घ्यायला सांगते, या वेळी दोघींना लागेल. तुम्ही मान हलवलीत. नको, एक पुरे. मी रागावले. बर्फासमोर दोघी एका कोटात कशा उभ्या राहणार? तुम्ही म्हणालात, "एकीनें बाहेर जायचें. एकीनें खिडकींतून पाहायचें."

मला तो काटकसरीपणा वाटला. तंजावरचे लोक असेच, असं काहीतरी मी बोलले, आणि गुरुवारी येते म्हणून निघाले. गुरुवारी मी आलेच, पण तुम्हाला भेटायला नाही.

त्या दिवसांबद्दल इथे लिहीत नाही. रेवती आली, दिवस झाले, घर आवरलं. परत जायच्या आदल्या दिवशी ती वेलचेरीला आली आणि कोट माझ्या हातात दिला. म्हणाली, आई, आता हा तुमच्याकडेच राहू दे. मी तो घडी न मोडता कपाटात ठेवला आणि कपाट लावून घेतलं. त्या वेळी मला एकच गोष्ट कळत होती, की आता पाळी नेहमी माझीच. परत आल्यावर कुणाकडे काही सोपवायचं नाही. ईशान काय खात नाही, हे ज्या बाईला सांगण्यात अर्थ होता ती बाई राहिली नाही. फार राग आला मला तुमचा. भांडण अर्धं टाकून निघून जाणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत.

काल रात्री मी ठरवून टाकलं होतं, की आनंदला सांगायचं, दोन्ही जागा सोड. एकटीने ती नदी पाहून काय करायचं?

आज सकाळी कपाट उघडलं. फेब्रुवारीत एकदा लोकरीचे कपडे बाहेर काढून उन्हात टाकायचे, हा माझा नियम आहे, आणि मन ठिकाणावर नसलं म्हणजे मी नियमांना धरून राहते. कोट हँगरवर लावताना उजव्या खिशात काहीतरी कडक लागलं. तमिळ वर्तमानपत्राचा तुकडा, विभूतीच्या पुडीसारखी घडी, आणि आत गूळ.

मी तो हातात धरून खाटेवर बसले. खिसे मी स्वतः झाडले होते. म्हणजे हा खडा मी गेल्यानंतर, त्या उरलेल्या दिवसांत, तुम्ही ठेवलात. खाटेवरून उठून दारापर्यंत जायला तुम्हाला किती वेळ लागला असेल, कोण जाणे. आणि गूळ. पाल्कोवा नव्हे. तोंडाने मला व्हँकूवर म्हणत राहिलात, आणि खिशात रविवार ठेवून दिलात. मी शेवटी सिअ‍ॅटलनेच जाणार, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही येणार नाही, हेही माहीत होतं, नाही तर कोट एक पुरे म्हणाला नसतात.

अजून एक गोष्ट माझ्या जरा उशिरा लक्षात आली, आणि तेव्हा मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने हसले. पहिलं पाऊल तेवढं मोजायचं, पुढची वळणं मोजायची नाहीत, असा तुमचा निर्णय होता. मग गूळ कशाला? गूळ पश्चिमेच्या शूलाला. बोट पश्चिमेला वळते, हे माझं म्हणणं तुम्ही मान्य केलेलं होतं. तोंडावर कबूल केलं नाहीत एवढंच. म्हणजे बंदर तुमचं, आणि नकाशा माझा. विहिणींमध्ये याहून चांगला समझोता मी ऐकलेला नाही.

मी आनंदला फोन केला. सिअ‍ॅटल, रविवारची, खिडकीची खोली. त्याने विचारलं, दुसरी खाट? मी म्हटलं, फोन रेवतीला दे. तिला म्हटलं, तू चल. तुझ्या आईची जागा आहे, आणि आठवडाभर मुलांना त्यांचा बाप सांभाळेल. तिने विचारलं, आई, तुम्हाला बोट लागते ना? तुमच्याच सुरात विचारलं. मी म्हटलं, लागली तर तू माझं डोकं धर, नदी तिथेच उभी आहे, पळून जात नाही.

मुलांनो, आता तुमच्यासाठी. तुमची आई हे वाचून दाखवत असेल आणि मधेच थांबली असेल तर तिला पाणी द्या. आम्ही निघू त्या दिवशी तुम्ही धक्क्यावर याल, ते मला माहीत आहे, पोरांना बोटी आवडतात. पण मला तुम्ही हवे आहात ते परतीच्या दिवशी. ती सकाळची वेळ असते, थंडी असते, तुम्हाला उठायचा कंटाळा येईल. तरी या. माळ नको, फलक नको, ओरडायचं नाही. आम्ही उतरू तेव्हा दिसाल असे नुसते उभे राहा.

विहीणबाई, तुम्ही कोणत्या बंदरातून निघालात ते मला विचारता आलं नाही, आणि तिकडे घ्यायला कोण उभं होतं तेही कळायचा मार्ग नाही. तुमचे यजमान असतील तर या वेळी गाडी चुकली नसेल, एवढं धरून चालते. गूळ मी खाल्लेला नाही. पुडी होती तशी बांधून पुन्हा खिशात ठेवली आहे. बोट धक्का सोडेल तेव्हा नाही, पश्चिमेला वळेल तेव्हा खाईन. बर्फाशी पोचलो की मी कोट घालून बाहेर जाईन. खिडकीचा पडदा उघडा ठेवायला रेवतीला सांगितलं आहे.